ज्याची त्याची तऱ्हा

'इंडिव्हिज्युअ‍ॅलिटी' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? हा लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत हा प्रश्न आडवा आला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलं की असंच होतं. विचार एका भाषेत येतो आणि लिहायला बसलं की दुसरी भाषा दार उघडायला वेळ लावते! डिक्शनरीत 'व्यक्तिविशिष्टता' असं काहीतरी मिळालं. हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. व्हायवात विचारला तर केटी नक्की. शेवटी म्हसळ्याला आजीला फोन लावला. म्हटलं, "प्रत्येक माणूस वेगळा दिसतो, वेगळा वागतो, त्याला काय म्हणतात गं?" तिने विचारसुद्धा न करता सांगितलं, "तऱ्हा. ज्याची त्याची तऱ्हा. त्यात काय एवढं!"

झालं. एवढ्या एका शब्दावर माझा सगळा लेख उभा आहे.

मंडळी, संध्याकाळी सातच्या सुमारास मेसच्या रांगेत उभं राहून जरा निरीक्षण करा. मुलांमध्ये तोच ढगळा काळा टी-शर्ट, तेच पांढरे शूज, बाजूने तसेच मशीन मारलेले केस. आम्हा मुलींचंही फार वेगळं नाही. एकीने लावलेली क्लिप आठवड्याभरात अख्ख्या मजल्याच्या डोक्यावर दिसते. आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला मनापासून वाटत असतं की आपण कुणीतरी वेगळे आहोत! फोटोंचं तर विचारूच नका. तीच मान तिरकी, तोच फिल्टर, तीच जागा (लायब्ररीच्या मागची भिंत, दुसरी कुठली?). प्लेसमेंटच्या वेळी भाड्याचा ब्लेझर घालून काढलेले फोटो एकमेकांत मिसळले तर आई-वडिलांनासुद्धा आपलं कार्टं ओळखता येणार नाही.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे. "इथे शिकायला आलात की नटायला?" हे वाक्य मी पहिल्या वर्षापासून ऐकतेय. म्हणजे कपडे, केस, फोटो हे सगळं वरवरचं, अभ्यास तेवढा खरा. हे मला अजिबात मान्य नाही, आणि का मान्य नाही ते सांगायला मला पॅरिस-मिलानला जायची गरज नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातच पुरावा आहे.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो, २० मार्च १९२७. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच दुसरी परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं ती. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी स्वतंत्रपणे बोलले, आणि कशाबद्दल बोलले माहितीये? लुगडं नेसण्याबद्दल. जातीची खूण म्हणून अंगावर लादलेली नेसण्याची पद्धत सोडा, पायघोळ नेसा, ते जड खोटे दागिने उतरवून ठेवा. आणि बायकांनी ते लगेच अमलात आणलं. लुगडं कुठपर्यंत खाली यावं हा तिथे फॅशनचा प्रश्न नव्हता. आपण कसं दिसायचं हे दुसऱ्याने ठरवायचं की आपण, एवढा तो मोठा प्रश्न होता. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट-टायचा फोटो घराघरात का असतो याचं उत्तरही तिथेच आहे. तेव्हा 'नटणं' हा शब्द जरा जपून वापरावा, एवढीच सरांना नम्र विनंती.

दुसरं उदाहरण तर आमच्या म्हसळ्याशी नातं असलेलं. संस्थानं होती तोपर्यंत म्हसळा जंजिरा संस्थानात होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे त्याचे तीन महाल. तिथल्या नवाबाची बेगम नाझली आणि तिची धाकटी बहीण अतिया फैजी. अतिया १९०६ साली शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला गेली. १९०८ मध्ये नवाब, बेगम आणि अतिया असे सगळे युरोप फिरले. दोघी बहिणींनी या अनुभवांवर उर्दूत पुस्तकं लिहिली. त्या काळी या बायका तिथे चेहरा न झाकता वावरल्या, पण म्हणून त्यांनी तिथल्या मडमांचा गाऊनही चढवला नाही. आपला हिंदुस्तानी वेशच आपल्या पद्धतीने वापरला. म्हणजे घरचं म्हणून सगळं उचललं नाही आणि बाहेरचं म्हणूनही नाही. निवड स्वतः केली. याला म्हणतात तऱ्हा! (शाळेत जंजिरा म्हटलं की किल्ला, तोफा आणि सहलीची होडी. या दोघींचं नाव मला कॉलेजात आल्यावर कळलं.)

आता फोटोकडे वळते.

होमाई व्यारावाला हे नाव काही जणांना जनरल नॉलेजमधून माहीत असेल, भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३, २०११ साली पद्मविभूषण, २०१२ च्या जानेवारीत निधन. नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा असे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण मला त्यांचे आवडतात ते त्याआधीचे, १९३० च्या दशकातले, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असतानाचे. वर्गातल्या मैत्रिणींचे फोटो. रेहाना मोगल नावाची एक सहाध्यायी त्यात पुन्हा पुन्हा दिसते. या मुली कुणाला दाखवण्यासाठी पोज देऊन बसलेल्या वाटत नाहीत, आपल्याच नादात असतात. मैत्रिणीने मैत्रिणीचा काढलेला फोटो आहे हे बघताक्षणी कळतं. सुरुवातीला होमाईंचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जात. नंतर त्यांनी 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं, का तर गाडीचा नंबर डीएलडी १३! दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून ही बाई फिरायची. आणि पुढे नव्या फोटोग्राफरांचं वागणं पटेना, तेव्हा १९७० साली कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच. कॅमेरा ठेवून देण्यातसुद्धा तऱ्हा होती.

हे सगळं काम रोलवर झालेलं. आणि माझा आजचा मुद्दा रोलचाच आहे.

माझ्याकडे आजोबांचा याशिका इलेक्ट्रो ३५ आहे. आजोबा कुवेतला होते, तिथून आणलेला. म्हसळ्यात अर्ध्या घरांमध्ये असं काहीतरी गल्फहून आलेलं सापडतं, कुणाकडे टेपरेकॉर्डर, कुणाकडे मिक्सर, आमच्याकडे हा. ४५ मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर एक पॉइंट सात. त्याला लागणारी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता कुठेच बनत नाही. बॅटरीशिवाय शटर एकाच वेगाला चालतं, एक भागिले पाचशे. म्हणजे म्हसळ्याच्या पावसाळ्यात सगळे फोटो काळेकुट्ट. यावर उपाय म्हणजे सहा व्होल्टची छोटी बॅटरी आणि उरलेल्या जागेत धातूचा तुकडा. तो तुकडा मी वर्कशॉपमध्ये लेथवर काढला. पहिल्या वर्षी त्या लेथवर जे जॉब केले त्यातला एकही आयुष्यात कामाला आला नाही, हा आला!

मोबाइलवर एका मिनिटात तीस फोटो निघतात. त्यातला एक निवडायचा, एकोणतीस पडून राहतात. रोलमध्ये छत्तीस. रोल, धुणं, स्कॅनिंग मिळून खर्च हजाराच्या पुढे जातो, तेव्हा बटण दाबताना हात आखडतो. हा कंजूषपणाच फायद्याचा ठरतो. समोरच्या माणसाकडे आधी बघावं लागतं. तिची कुठली गोष्ट तिची आहे? उजेड कुठून येतोय? आत्ता दाबू की थांबू? आणि दाबल्यावर काय आलं ते लगेच दिसत नाही. त्यामुळे समोरची "दाखव दाखव, माझा दंड जाड आलाय, डिलीट कर" असं म्हणू शकत नाही. तिला तसंच राहू द्यावं लागतं. तीन आठवड्यांनी फोटो हातात येतो तेव्हा त्या दंडाचं तिला काहीच वाटत नाही, असा माझा अनुभव आहे.

सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर उजेड पडला की तिथे चांदीचे मोजके अणू तयार होतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण चित्र तिथे असतंच. डेव्हलपरमध्ये घातल्यावर तेच वाढून दिसायला लागतं. आमच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात यावर दीड ओळ होती. यावर एक अख्खं प्रॅक्टिकल का नव्हतं, देव जाणे.

तर प्रयोग. माझी रूममेट लातूर जिल्ह्यातली. तिची तऱ्हा म्हणजे वडिलांचे जुने शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नाकात चमकी. माझी म्हणजे आजीच्या विरलेल्या सुती साड्यांचे शर्ट, म्हसळ्याच्या बाजारातल्या टेलरकाकांकडून शिवून घेतलेले. (पहिला शर्ट शिवताना काका म्हणाले, "पोरी, हे पडद्याचं कापड आहे का?" आता विचारत नाहीत.) दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एकच रोल दोघींनी वापरायचं ठरवलं. दोनशेचा रोल, पण दोघींनीही कॅमेऱ्यावर आकडा ठेवायचा चारशे, म्हणजे प्रत्येकीचा उजेड अर्धा पडतो आणि दोन्ही मिळून बेरीज बरोबर येते. रोल भरताना सुरुवातीला स्केचपेनने खूण केली. मी म्हसळ्यात छत्तीस फोटो काढले, कानाशी धरून हळूहळू मागे गुंडाळला, टोक बाहेर राहील असा, आणि पार्सल केला लातूरला. तिने तिच्या कॅमेऱ्यात खुणेला खूण लावून त्यावरच पुन्हा छत्तीस काढले. तिने काय काढलं मला माहीत नाही, मी काय काढलं तिला माहीत नाही.

धुऊन आल्यावर बऱ्याच फ्रेमची नुसती खिचडी झाली होती. पण सात निघाल्या! आजीच्या वाडीतल्या पोफळी सोयाबीनच्या बनिमीतून उगवल्यात. म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर लातूरचं भलंमोठं मोकळं आभाळ उतरलंय. एका फ्रेममध्ये तर माझ्या शर्टाच्या साडीच्या काठावर तिच्या वडिलांचा हात आलाय, विळा धरलेला. हे आम्ही ठरवून कधीच करू शकलो नसतो. कुठलं अ‍ॅपही करून देणार नाही, कारण अ‍ॅपला म्हसळा आणि लातूर यांच्यात काही देणंघेणं नाही.

दुसरा प्रयोग मात्र जरा गंभीर आहे, आणि मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल. आमच्याकडे, म्हणजे म्हसळ्यात आणि मला वाटतं बहुतेक तालुक्याच्या गावांत, किती तरी मुलींच्या मोबाइलवरच्या डीपीत गुलाबाचं फूल असतं. नाहीतर बाहुली, नाहीतर सूर्यास्त. हिंदू असो, मुसलमान असो, यात फरक नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो एकदा गेला की कुणाकडे जाईल, कोण त्याचं काय करेल, सांगता येत नाही, आणि मग शिक्षण थांबतं ते मुलीचं. हॉस्टेलवर येऊनही ही भीती सुटत नाही. ग्रुप फोटोत शेवटच्या क्षणी बाजूला सरकणाऱ्या मुली प्रत्येक वर्गात आहेत, जरा बघा. शहरातल्या मैत्रिणी त्यांना 'बॅकवर्ड' म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. आपला चेहरा कुणाला द्यायचा हे ठरवणं हासुद्धा हक्कच आहे की!

म्हणून मी मजल्यावरच्या चौदा जणींचे कृष्णधवल रोलवर फोटो काढले. अट एकच, चेहरा येणार नाही. बाकी काय यायचं ते जिचं तिने ठरवायचं. एकीने पाठमोरी तेल लावलेली वेणी दिली. एकीने आतल्या बाजूने बांधलेलं घड्याळ. बुरखा घालणारी एक आहे, तिने बुरख्याखालचे भडक केशरी स्पोर्ट्स शूज पुढे केले (कृष्णधवलमध्ये केशरी दिसत नाही, पण ती म्हणाली, मला तर माहितीये ना!). एकीने ड्रॉइंग शीटची गुंडाळी खांद्यावर बंदुकीसारखी धरली. निगेटिव्ह ज्याची त्याला कापून दिली. माझ्याकडे कॉपी नाही, कुठल्या सर्व्हरवर नाही. प्रिंट दोन दिवस आमच्या कॉमन रूममध्ये, फक्त आमच्यासाठी, नाव न घालता लावल्या. आणि काय सांगू, पाच मिनिटांत सगळ्यांनी सगळ्यांना ओळखलं! मेसच्या मावशींनी तर नुसत्या हातांवरून ओळखलं, कोण ताट कसं धरते त्यांना रोज दिसतं ना. पुरुष वाचकांनी हे फोटो मागू नयेत.

चेहरा नसूनही ओळखू येते ती तऱ्हा. आणि चेहरा असूनही ओळखू येत नाही तो आपला प्लेसमेंटचा फोटो.

आता यावर आक्षेप. रोल हीसुद्धा आता फॅशनच झालीये, असं एक सीनियर मला म्हणाला. खरंय त्याचं. गळ्यात जुना कॅमेरा अडकवून, आत रोल न भरता फिरणारे महाभाग मी स्वतः पाहिलेत. मोठ्या कंपन्याही परत उतरल्यात, पेंटॅक्सने २०२४ साली नवा रोलचा कॅमेरा बाजारात आणला. व्हिएन्नात १९९२ साली सुरू झालेल्या 'लोमोग्राफी'वाल्यांनी तर उजेड गळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यांचा धंदाच उभा केला. आणि सगळ्यात मोठा विनोद म्हणजे मोबाइलमध्ये आता रोलसारखे ओरखडे आणि धूळ घालून देणारे फिल्टर आहेत. धूळ विकत घ्यायची! पूर्वी स्टुडिओवाले काका हीच धूळ ब्रशने काढायला वेगळे पैसे घ्यायचे. तेव्हा रोल वापरला म्हणून कुणी आपोआप वेगळा होत नाही, हे मान्य. चष्मा लावला म्हणून कुणी हुशार होत नाही, तसंच. पण म्हणून चष्मा टाकून द्यायचा का?

महाग आहे, हा आक्षेप त्याहून खरा आहे. ज्याच्या घरून महिन्याला मोजून पैसे येतात त्याला मी 'रोल घे' असं कुठल्या तोंडाने सांगू? पण चौघांत एक रोल, प्रत्येकाला नऊ फोटो, हे जमतं. आम्ही तेच करतो. कृष्णधवल रोल स्वतः धुतला तर खर्च बराच खाली येतो.

टिकण्याबद्दलही थोडं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, श्रीवर्धनच्या बाजूने थेट आमच्या अंगावर. आजीच्या घराची कौलं उडाली. कपाटातले अल्बम भिजून पानंच्या पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेलं की चेहरे सोलून निघायचे. वीज कित्येक आठवडे नव्हती, मोबाइल म्हणजे नुसते काचेचे तुकडे. आजोबांच्या निगेटिव्ह बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. त्यातही पाणी शिरलं होतं, पण आईने त्या स्वच्छ पाण्यातून काढून दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. घरावर छप्पर नाही आणि अंगणात दोरीवर कुवेत, आजीचं लग्न, मामाचं मुंडण वाऱ्यावर हलतंय! त्या सगळ्या वाचल्या. क्लाउडवर ठेवलं असतं तरी वाचलं असतं, असं कॉम्प्युटरवाले म्हणतील. म्हणोत बापडे, पासवर्ड आजीच्या लक्षात राहिला असता तर.

आता मुद्द्याची मागणी. जुन्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याखाली, 'फोटोग्राफी क्लब' अशी पाटी असलेली एक खोली आहे. आत मोडकी स्टुलं, दोन जुने ऑसिलोस्कोप आणि त्यांच्या खाली एक एन्लार्जर आहे. मी खिडकीतून टॉर्च मारून बघितलाय, लेन्स जाग्यावर आहे. (बुरशी आली असेल. आपल्या पावसात लेन्सला बुरशी न आली तरच नवल, पण साफ होते.) नळ आहे, मोरी आहे. खिडकीला काळं कापड, एक लाल दिवा, तीन ट्रे, एक थर्मामीटर, एवढं लागेल. लाल दिवा फक्त कागदावर प्रिंट काढताना चालतो, रोल धुण्याच्या टाकीत भरताना मिट्ट अंधारच लागतो, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे कुणी हौसेने दार उघडणार नाही. कृष्णधवलला पाणी वीस अंशाला हवं. एप्रिल-मेमध्ये आपल्या नळाचं पाणी तिशीच्या आसपास असतं, तेव्हा मेसमधून बर्फ. मावशींशी बोलणं झालंय.

केमिकलचं काय, असं एका मॅडमनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, ती मोरीत सोडायची नाही. कॅनमध्ये साठवून त्यात स्टील वूल, म्हणजे भांडी घासायची तारेची घासणी घातली की लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते. केमिस्ट्री लॅबला हा आयता प्रोजेक्ट आहे. कुणाला हवा असेल तर सांगा, सबमिशन जवळ आलंय.

खोलीची चावी स्टोअरमधल्या काकांकडे आहे. त्यांचं म्हणणं, स्टुलांचं राइट-ऑफ झाल्याशिवाय खोली उघडता येत नाही, आणि राइट-ऑफच्या कागदावर सही कुणाची ते त्यांना सापडत नाहीये. ज्या स्टाफच्या मेंबरला ही सही आपली आहे असं वाटत असेल, त्यांनी कृपया लेडीज हॉस्टेलच्या ऑफिसात निरोप ठेवावा. स्टुलं उचलायला आम्ही चौदा जणी आहोत.